विषाच्या उलट वाटेने

पहिली रात्र : कुडाळ

संक्रांत होऊन तीन दिवस झाले होते. कुडाळच्या फलाटावर कोकणकन्येची वाट बघत आम्ही दोघी उभ्या होतो, मी आणि आमच्या ग्रामीण रुग्णालयातल्या मोठ्या सिस्टर. माझ्यापेक्षा त्यांची नोकरी बारा वर्षांनी जास्त. पावसाळ्यात आम्हा दोघींना एकाच वेळी रजा मिळणं अशक्य, म्हणून जानेवारी निवडला होता. वेल्लोरला आपत्कालीन उपचारांची दोन दिवसांची कार्यशाळा होती आणि तिचा मुख्य विषय होता सर्पदंश. पण मला तेवढ्यावर परत यायचं नव्हतं.

आमच्याकडे ‘साप चावला’ असं सहसा कोणी म्हणत नाही. ‘किरडू चावला’ म्हणतात, घाटावरून आलेली माणसं ‘पान लागलं’ म्हणतात. मग आम्ही फ्रीज उघडतो आणि एएसव्हीच्या, म्हणजे सर्पविषरोधक औषधाच्या, दहा व्हायल फोडतो. गेली नऊ वर्षं हे करते आहे. त्या बाटलीतलं औषध मुळात कुठून येतं हे मात्र मी पुस्तकातच वाचलं होतं. भारतात बनणाऱ्या सर्पविषरोधकासाठी लागणारं बहुतेक विष चेन्नईजवळच्या एका सहकारी संस्थेतून येतं. तिथून ते औषध कंपन्यांकडे जातं, वाढत्या मात्रेने घोड्यांना टोचलं जातं, घोड्यांच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं (अँटीबॉडी) शुद्ध करून बाटलीत भरली जातात आणि त्या बाटल्या आमच्या फ्रीजमध्ये येतात. ही वाट उलट दिशेने चालत त्या सापापर्यंत जायचं, असं मी ठरवलं होतं.

त्यामागे एक मुलगी आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, पहाटे चारच्या सुमाराला तिला वाडीवरून आणलं. वय नऊ. “पोटात दुखता,” एवढंच सांगत होती. अंगावर कुठे खूण नाही, सूज नाही. आई म्हणाली, “काय एक चावूक नाय.” मी पोटदुखीचं इंजेक्शन दिलं आणि खाटेवर झोपवलं. सहा वाजता सिस्टर मला उठवायला आल्या. मुलीच्या पापण्या अर्ध्यावर आल्या होत्या आणि तिला थुंकी गिळता येत नव्हती. जमिनीवर झोपलेली मुलगी, पहाटेची पोटदुखी, खूण नाही: ही मण्यारच होती. एएसव्ही दिलं, अँबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) दाबत जिल्ह्याच्या गावी नेलं. रस्त्यातच ती गेली. बॅग सिस्टरांच्या हातात होती. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघी आजही फारशा बोलत नाही.

रात्री उशिरा जाग आली तेव्हा गाडी वीर स्टेशन सोडत होती. इथून महाड जवळ. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्रॅझोसिन वापरून पाहिलं ते याच भागात. त्यांचा पहिला अहवाल १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. रक्तदाब उतरवणारी एक साधी, स्वस्त गोळी! विंचवाच्या विषाने शरीरात जे वादळ उठतं, हृदय थकतं, फुप्फुसात पाणी भरतं, ते या गोळीने थांबवता येतं हे खेड्यातल्या एका डॉक्टरने खाटेशेजारी बसून, रुग्णाच्या तासातासाच्या नोंदी ठेवून शोधलं. पुढे २०११ मध्ये त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी ७० रुग्णांवर रीतसर चाचणी केली. नुसतं प्रॅझोसिन दिलेल्या ३५ जणांपैकी ८ जण दहा तासांत पूर्ववत झाले, तर जोडीला विंचूविषरोधकही दिलेल्या ३५ जणांपैकी ३२. संशोधन मोठ्या शहरातच होतं असं कोणी म्हटलं की मला महाड आठवतं. अंधारात खिडकीबाहेर काही दिसत नव्हतं, तरी बराच वेळ बघत राहिले.

पहिला दिवस : परळ

दादरला पहाटे उतरलो, चहा घेतला आणि परळला हाफकिन संस्थेच्या आवारात गेलो. जुन्या गव्हर्नमेंट हाऊसची ती इमारत, भोवती मोठी झाडं. वाल्देमार हाफकिन प्लेगच्या मुंबईत १८९६ मध्ये आले आणि १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा या वास्तूत आली, १९२५ मध्ये तिला त्यांचं नाव मिळालं. माझ्या शिकाऊ डॉक्टरकीच्या काळात वॉर्डातल्या एएसव्हीवर ‘हाफकिन’ हे नाव असे, त्यामुळे सिस्टर माहेरी आल्यासारख्या इकडे तिकडे बघत होत्या. आमचा मुक्काम मोजका होता. रात्री चेन्नईची गाडी पकडली.

दुसरा दिवस : गाडीतच

सोलापूर, वाडी, रायचूर, गुंतकल. अख्खा दिवस गाडीत. मी छापून आणलेले शोधनिबंध काढले आणि सिस्टरांनी चष्मा. इंग्रजी वाक्य मी वाचायचं, त्याचा आमच्या कॅज्युअल्टीतला अर्थ दोघींनी लावायचा, असं चाललं.

पहिला निबंध २०२० मधला. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली. वर्षाला सरासरी ५८,०००. बहुतेक खेड्यातली आणि निम्म्याच्या आसपास पावसाळ्याच्या चार महिन्यांतली. सिस्टर काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, “यात आपली ती धरली असेल का, मॅडम?”

दुसऱ्या निबंधावर आम्ही दीड तास घालवला, कारण त्याने आमची सवयच चुकीची ठरवली. एएसव्ही घोड्याच्या रक्तापासून बनतं, त्यामुळे अनेकांना त्याची जोरदार रिअॅक्शन येते: थंडी, पित्त उठणं, दम, रक्तदाब कोसळणं. म्हणून आधी हायड्रोकॉर्टिसोन आणि अॅव्हिल द्यायची पद्धत बहुतेक ठिकाणी आहे, आमच्याकडेही होती. श्रीलंकेत १,००७ रुग्णांवर चाचणी झाली आणि तिचे निकाल २०११ मध्ये आले. एएसव्हीच्या आधी त्वचेखाली दिलेल्या थोड्याशा अॅड्रेनलिनने पहिल्या तासातल्या गंभीर रिअॅक्शन ४३ टक्क्यांनी कमी झाल्या. हायड्रोकॉर्टिसोन आणि प्रोमेथाझिन, जे अॅव्हिलच्याच जातीचं औषध, यांचा उपयोग दिसला नाही. उलट अॅड्रेनलिनच्या जोडीला हायड्रोकॉर्टिसोन दिलं तर अॅड्रेनलिनचा फायदाही पुसला जात होता. चौदा वर्षं हा निकाल उपलब्ध होता आणि आमच्या भिंतीवरच्या तक्त्यावर अजून जुनीच ओळ होती. मला याचा मनापासून राग येतो. निबंध छापून आला म्हणजे तो कुडाळपर्यंत पोचला असं नाही, आणि तो पोचवण्याचं काम नेमून कोणाकडेच दिलेलं नसतं.

तिसरा निबंध व्हारेसप्लॅडिब नावाच्या गोळीचा. बहुतेक सापांच्या विषात फॉस्फोलायपेज नावाचं एक विकर (एन्झाइम) असतं, ही गोळी त्याला अडवते. फ्रीज नको, सलाइन नको. भारत आणि अमेरिका मिळून ९५ रुग्णांवर चाचणी झाली. सगळे रुग्ण एकत्र धरले तर अपेक्षित फरक दिसला नाही. पण चावल्यापासून पाच तासांच्या आत गोळी घेतलेल्यांमध्ये काही आशादायक खुणा आहेत. सिस्टरांनी वहीत लिहिलं: “गोळी. अजून नाही. लक्ष ठेवा.”

तिसरा दिवस : वडनेम्मेली

चेन्नईहून महाबलीपुरमच्या रस्त्याने दक्षिणेला चाळीसेक किलोमीटर. डाव्या हाताला समुद्र, सुरूची झाडं, दारांपुढे पोंगलच्या रांगोळ्या अजून पुसट दिसत होत्या. मद्रास क्रोकोडाइल बँकेच्या आवारात इरुला सर्पमित्रांची ती सहकारी संस्था आहे. आपण तिकीट काढून आत जाऊ शकतो.

मध्ये वाळूचा खड्डा, भोवती कठडा. एका बाजूला मातीचे माठ ओळीने मांडलेले, प्रत्येकाच्या तोंडाला कापड बांधलेलं. प्रत्येक माठात साप. खाकी कपड्यातल्या माणसाने एका माठाचं कापड सोडलं, आकडीच्या काठीने आतला नाग अलगद वाळूवर घेतला. हातमोजे नाहीत. घाई तर मुळीच नाही. नागाने फणा काढला, माणूस थांबला, फणा खाली आला, मग त्याने मानेमागे बोटं ठेवली. काचेच्या पात्राच्या तोंडाला ताणून बसवलेल्या पडद्यावर दात टेकले आणि आत थेंब उतरले. नंतर घोणस. तिचा फूत्कार कुकरच्या शिट्टीसारखा लांब आणि जाड असतो. आमच्याकडे घोणस चावलेला रुग्ण सांगतो की आधी आवाज आला होता. तो आवाज पहिल्यांदाच जवळून ऐकला आणि माझ्या पोटात गोळा आला.

शेवटी फुरसं. वीतभर जनावर. अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून खरखर आवाज करत होतं. सिस्टर कठड्याला घट्ट धरून उभ्या होत्या. “ह्येच तां,” त्या मालवणीत पुटपुटल्या. आमच्या वर्षभरातल्या सर्पदंशांमध्ये सर्वांत जास्त हेच.

मोडक्या हिंदीत आणि हातवाऱ्यांनी मी त्या गृहस्थांना नावं विचारली. नागाला तमिळमध्ये ‘नल्ल पांबू’ म्हणतात, म्हणजे चांगला साप. घोणस ‘कण्णाडी विरियन’, मण्यार ‘कट्टु विरियन’, फुरसं ‘सुरुट्टै विरियन’. मी त्यांना आपली नावं सांगितली. ‘फुरसं’ हा शब्द त्यांनी दोनदा म्हणून पाहिला आणि मान डोलावली.

इरुला ही साप पकडण्यात पिढ्यान्‌पिढ्या वाकबगार असलेली आदिवासी जमात. पूर्वी सापाच्या कातड्यांचा व्यापार हेच त्यांच्यातल्या अनेकांचं पोट होतं. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि तो मार्ग बंद झाला. १९७८ मध्ये ही संस्था उभी राहिली. ज्या हातांनी साप मारले जात होते त्याच हातांनी आता साप जिवंत पकडून, विष काढून, सोडून दिले जाऊ लागले. साप साधारण तीन आठवडे माठात ठेवतात, आठवड्याला एकदा विष काढतात, पोटाखालच्या खवल्यावर खूण करून पुन्हा रानात सोडतात. खुणेचा साप परत सापडला तर तो घेत नाहीत. या जमातीतल्या मासी सडैयन आणि वडिवेल गोपाल या दोघांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, बावस्करांना मिळाल्यानंतर एका वर्षाने. मला या दोन बातम्या एकाच कामाच्या वाटतात.

पण जे बघायला आले होते ते इथे डोळ्यांपुढे होतं आणि त्याने मी अस्वस्थ झाले. हे साप आजूबाजूच्या जिल्ह्यांतले: चेंगलपट्टू, कांचीपुरम, तिरुवल्लूर. हे फुरसं इथल्या कोरड्या, काटेरी रानातलं. माझा रुग्ण कुडाळच्या चिऱ्याच्या खाणीवर, इथून नऊशेहून जास्त किलोमीटरवर. दोन्ही फुरशी दिसायला सारखी. विषही सारखंच असेल का?

चौथा आणि पाचवा दिवस : वेल्लोर

काटपाडीला उतरून वेल्लोर. १९०० मध्ये आयडा स्कडर यांनी एका खाटेवर सुरू केलेल्या दवाखान्याचं आज सीएमसी (ख्रिश्चन मेडिकल कॉलेज) झालं आहे, आणि गावभर उत्तरेतून आणि पूर्वेतून आलेल्या रुग्णांचे नातेवाईक भेटतात. चहाच्या टपरीवर बंगाली जास्त ऐकू येत होती.

कार्यशाळेत आम्ही चोवीस जण होतो, त्यात सात नर्स. भारतात आपत्कालीन वैद्यकाला स्वतंत्र विषय म्हणून मान्यता २००९ मध्ये मिळाली. माझ्या शिक्षणात तो विषयच नव्हता. कॅज्युअल्टीत जे येतं ते मी ज्येष्ठांचं बघून आणि चुका करून शिकले. म्हणून हे दोन दिवस मला फार मोलाचे होते.

पहिला धडा काचेच्या नळीचा. विसाव्या मिनिटाची रक्त गोठण्याची चाचणी सगळ्यांना माहीत असते: रुग्णाचं दोन-तीन मिलिलिटर रक्त नळीत घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं, मग एकदाच तिरकं करायचं. रक्त वाहिलं तर घोणस किंवा फुरशाचं विष रक्तात भिनलं आहे. शिकवणाऱ्या ज्येष्ठ डॉक्टरांनी विचारलं, “तुमची नळी कसली?” निम्म्या हातांनी प्लास्टिक सांगितलं. कोणी लाल टोपणाचा बल्ब (रक्ताची तयार नळी) वापरत होतं, ज्यात रक्त गोठवणारं द्रव्य आधीच असतं. कोणी काचेची नळी साबणाने धुऊन पुन्हा वापरत होतं. रक्त गोठायला कोरडी, स्वच्छ, नवी काच लागते. साबणाचा अंश राहिला तर चांगलं रक्तही गोठत नाही आणि माणसाला उगाच दहा व्हायल जातात. बल्बात द्रव्य असेल तर बिघडलेलं रक्तही गोठतं आणि ज्याला औषध हवं तो घरी जातो. आमच्याकडे लाल टोपणाचाच बल्ब होता. सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं. आम्ही किती जणांना घरी पाठवलं असेल, हा विचार त्या रात्री झोपू देईना.

दुसरं, मात्रेचा हिशेब. एएसव्हीचा एक मिलिलिटर घोणशीचं ०.६ मिलिग्रॅम विष निकामी करतो. व्हायल दहा मिलिलिटरची, म्हणजे दहा व्हायलमध्ये ६० मिलिग्रॅम. घोणस एका दंशात सरासरी ६३ मिलिग्रॅमच्या आसपास विष सोडते. दहाचा आकडा इथून आला. सिस्टरांनी हात वर केला: लहान मुलाला किती? उत्तर: तेवढंच. साप मूल बघून विष कमी सोडत नाही. हे त्यांना ठाऊक होतं, पण नव्या डॉक्टरांना पटवून देताना दरवेळी वाद होतो, म्हणून त्यांनी सगळ्यांसमोर वदवून घेतलं.

मण्यारीचा भाग दुसऱ्या दिवशी सकाळी होता. पुतळ्याच्या श्वासनळीत नळी घालणं, अँबूने श्वास देणं हा सराव झाला. पण खरा धडा त्याआधीच्या निरीक्षणाचा. रुग्णाला एका श्वासात आकडे मोजायला लावायचे आणि दर पंधरा मिनिटांनी पुन्हा. तिशीपर्यंत जाणारा माणूस पंधरावर अडकला की समजायचं, श्वासाचे स्नायू चालले. उशीवरून मान उचलायला सांगायची. वर बघायला सांगायचं आणि पापण्यांकडे लक्ष ठेवायचं. मण्यारीचं विष मज्जातंतूच्या टोकाचीच नासधूस करतं, त्यामुळे नागाच्या दंशात कामी येणारं निओस्टिग्मिन इथे सहसा उपयोगी पडत नाही आणि ती टोकं पुन्हा वाढेपर्यंत दिवसच्या दिवस श्वास द्यावा लागतो. असा रुग्ण हलत नाही, डोळे उघडत नाही, बाहुल्याही विस्फारून स्थिर होतात. त्याला मृत समजू नका, डॉक्टर म्हणाले. तो तुमचं सगळं बोलणं ऐकत असतो.

सिस्टर उठून बाहेर गेल्या. मी मागोमाग गेले. व्हरांड्यात त्या पाठमोऱ्या उभ्या होत्या.

“मॅडम, मी गाडीत तिच्या आईला म्हणाले होते, आता काही राहिलं नाही. ती ऐकत असेल तेव्हा.”

मी त्यांचा हात धरला. घंटा झाली तरी आम्ही आत गेलो नाही.

सहावा दिवस : बेंगळुरू

माझा भाचा इथे आयआयएससीत (भारतीय विज्ञान संस्थेत) पीएचडी करतो. त्याचा विषय वेगळा आहे, पण त्याच आवारात सापांच्या विषाच्या उत्क्रांतीवर काम करणारी कार्तिक सुनगर यांची प्रयोगशाळा असल्याने त्याने तिचे निबंध माझ्यासाठी वाचून ठेवले होते. कँटीनबाहेर झाडाखाली बसून त्याने समजावलं.

माझा वडनेम्मेलीचा प्रश्न त्या प्रयोगशाळेचाही प्रश्न निघाला. एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशानुसार बदलतं. काय खायला मिळतं, हवा कशी, याने घडत जातं. २०१९ मध्ये त्यांनी दाखवलं की आपलं एएसव्ही ज्या चार सापांसाठी (नाग, मण्यार, घोणस, फुरसं) बनतं त्यांच्याबाहेरच्या काही विषारी जातींवर, आणि राजस्थानातल्या फुरशाच्या उपजातीवरही, ते तोकडं पडतं. पश्चिम घाटाच्या दक्षिणेकडच्या चापडा जातीच्या एका छोट्या सापाच्या दंशावर तर ते चालतच नाही. “मावशी, मग तू दहाऐवजी वीस व्हायल देतेस तेव्हा कदाचित हेच होत असेल,” तो म्हणाला. कदाचित. फुरशाच्या काही रुग्णांमध्ये रक्त दुसऱ्या फेरीनंतरही गोठत नाही, तेव्हा मी दर वेळी आमच्या फ्रीजवर शंका घेत आले आहे.

पुढची दिशाही त्याने दाखवली. फेब्रुवारी २०२४ मध्ये या प्रयोगशाळेने अमेरिकेतल्या स्क्रिप्स संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांबरोबर मिळून एक मानवी प्रतिपिंड जाहीर केलं. घोडा नाही, प्रयोगशाळेत बनवलेलं. नाग, मण्यार, आफ्रिकेतला मांबा यांच्या विषातल्या मज्जातंतू बधिर करणाऱ्या एका मोठ्या गटावर ते उंदरांमध्ये चाललं. घोड्याचं रक्त नसेल तर रिअॅक्शनची भीती बरीच कमी होईल. माणसांपर्यंत यायला वेळ आहे.

कर्नाटकाने २०२४ च्या सुरुवातीलाच सर्पदंशाची नोंद सक्तीची केली. त्याच वर्षी मार्चमध्ये केंद्राचा कृती आराखडा आला: २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर. नोव्हेंबरमध्ये केंद्राने सगळ्या राज्यांना नोंद सक्तीची करायला सांगितलं. मोजणी झाली तरच कोकणातलं फुरसं वेगळं आहे का हे कोणी तपासायला येईल, आणि त्यासाठी आमचं रजिस्टर नीट हवं. साप कोणता, चावल्याची वेळ, नळीचा निकाल, किती व्हायल, पुढे काय झालं. भाच्याने एका कागदावर रकाने आखून दिले. सिस्टरांनी त्यात एक वाढवला: ‘जमिनीवर झोपला होता का?’

सातवा दिवस : आंबोली घाट आणि परत

रात्रीच्या बसने बेळगाव, तिथून एसटीने आंबोली. घाट उतरताना धुकं होतं. दुपारी घरी पोचले, संध्याकाळी ड्यूटी.

सिस्टरांची ड्यूटी दुसऱ्या दिवशी होती, तरी त्या सात वाजता आल्या. कुडाळच्या बाजारातून काचेच्या नव्या नळ्यांचा डबा घेऊन, स्वतःच्या पैशाने. भिंतीवरचा तक्ता आम्ही खाली उतरवला. हायड्रोकॉर्टिसोनची ओळ खोडली, तिथे अॅड्रेनलिन लिहिलं.

साडेआठला चिऱ्याच्या खाणीवरून एक तरुण आला, मूळचा विजापूरकडचा. दगड उचलताना उजव्या हाताच्या बोटाला. मनगटाला दोरी करकचून बांधलेली. सलाइन लावलं, औषधं हाताशी काढून ठेवली आणि मग दोरी हळूहळू सोडली. हात सुजत होता. हिरड्यांतून रक्त नव्हतं, पण थुंकीत थोडं लाल दिसलं. सिस्टरांनी दुसऱ्या हातातून रक्त घेतलं, नव्या नळीत घातलं, खिडकीच्या कठड्यावर उभं केलं आणि वहीत वेळ लिहिली. आठ बेचाळीस. त्या तरुणाला विचारलं, एका श्वासात मोज. तो कन्नडमध्ये मोजू लागला. पस्तीसपर्यंत गेला.

नळीला कोणी हात लावू नये म्हणून सिस्टर तिच्याजवळच उभ्या राहिल्या. नऊ वाजून दोन मिनिटांनी त्यांनी ती उचलली आणि दिव्यापुढे धरून तिरकी केली.

रक्त काचेवरून पाण्यासारखं खाली आलं.

“दहा काढते,” त्या म्हणाल्या आणि फ्रीजकडे गेल्या. मी अॅड्रेनलिन भरायला घेतलं.